मागून आलेली हाक

जानेवारी २०२४मध्ये नोलंड आर्बॉ या अमेरिकन तरुणाच्या मेंदूत न्यूरालिंक कंपनीची चिप बसवली गेली आणि मानेखाली लुळा पडलेला हा मुलगा नुसत्या विचाराने कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळू लागला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही मधल्या सुट्टीत तोच विषय होता. आता आपल्या मनातलं दुसऱ्याला वाचता येईल का, पोरांना अभ्यास न करताच सगळं डोक्यात भरता येईल का, सरकार आपल्याला रिमोटवर चालवेल का. चहा संपेपर्यंत आम्ही बरीच मजल मारली. मला गंमत वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या भविष्याबद्दल आम्ही बोलत होतो, त्याची एक आवृत्ती भिंतीपलीकडच्या वर्गात डबा खात बसली होती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर विद्यालयात शिकवते. आमच्या काही मुलांना कॉक्लियर इम्प्लांट बसवलेलं आहे. काटेकोर बोलायचं तर ते मेंदूत नसतं. कानामागच्या हाडात जागा करून एक भाग त्वचेखाली बसवतात आणि त्याची इलेक्ट्रोडची बारीक तार अंतर्कर्णातल्या शंखाकृती पोकळीत सरकवतात. बाहेरचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे विजेचे ठोके करतो आणि ते थेट श्रवणाच्या नसेला पोचतात. कानाचं नेहमीचं कामच वगळलं जातं. मेंदूतल्या चिपचं हे थोरलं भावंड म्हणायला हरकत नाही. जगभरात अशी दहा लाखांहून अधिक यंत्रं बसवली गेली आहेत. माणसाच्या चेतासंस्थेला यंत्र जोडलं की पुढे काय काय होतं, याचा मोठा आणि जुना अनुभव या मुलांपाशी आणि त्यांच्या आईबापांपाशी आहे. त्यांना कोणी विचारत नाही, एवढंच.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४च्या सुधारणेनंतर वर्षाला ५०० लहान मुलांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांच्या मर्यादेत, या इम्प्लांटची सोय झाली. मुंबईची अली यावर जंग संस्था त्याचं काम पाहते. राज्याच्या योजनांमधूनही काही शस्त्रक्रिया होतात. म्हणून झरी जामणीतल्या शेतमजुराच्या घरीही हे यंत्र पोचू शकलं. ही लहान गोष्ट नाही. आमच्या एका मुलीकडे घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आहे. चौथी शिट्टी झाली की गॅस बंद करून ती आजीला ओरडून सांगते, आणि ते ओरडणं शेजारच्या घरात कळतं. जन्मतः काहीही ऐकू न येणाऱ्या मुलीबद्दल मी हे लिहिते आहे. तेव्हा पुढे जे म्हणणार आहे ते यंत्राच्या विरोधातलं नाही.

एका मुलाची आई एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "मॅडम, समोरून बोललं तं ऐकते, मागून हाक मारली तं ऐकतच नाई. डॉक्टरनं अर्धेच कान बसवले का?" मला तिचं म्हणणं आधी खरं वाटलं नाही, कारण वर्गात तो चांगला ऐकत होता. पण ती दिवाळीच्या सुमाराची, कापूस वेचणीची गोष्ट सांगत होती. पोरगं सुट्टीत तिच्यासोबत वावरात होतं. वेचणीत बाया एकमेकींकडे तोंड करून बोलत नाहीत. कमरेला ओटी बांधलेली, नजर बोंडावर, आणि बोलणं दोन ओळी पलीकडून, पाठीमागून, कधी पुढे गेलेलीने मान न वळवता टाकलेलं. एखादीची सासू, एखादीचा उधारीचा हिशेब, मध्येच "पाय जपून टाक वं, तिकडं जनावर दिसलं मले." ही सगळी भाषा बाजूने आणि मागून येते. त्यात वारा, त्यात शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर.

नागपूरला मॅपिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर जुळवून घ्यायला, गेल्यावर तिथल्या ऑडिओलॉजिस्टने कारण सांगितलं. हल्लीचे प्रोसेसर आजूबाजूचा आवाज सतत तपासतात आणि त्याचा प्रकार स्वतःच ठरवतात. शांतता आहे, बोलणं आहे, गोंगाटातलं बोलणं आहे, नुसता गोंगाट आहे, वारा आहे की संगीत आहे. गोंगाटातलं बोलणं असं ठरलं की मायक्रोफोन समोरच्या दिशेचा आवाज धरतात आणि मागचा दाबतात. कल्पना वाईट नाही. हॉटेलात समोर बसलेल्या माणसाशी बोलताना, वर्गात फळ्याकडे बघताना तिचा उपयोगच होतो. फक्त, बोलणारा माणूस समोर असतो हे गृहीत धरणाऱ्याने कापसाचं वावर पाहिलेलं नव्हतं. ऑडिओलॉजिस्टने त्या मुलाचा प्रोग्राम बदलला. थोड्या वेळाचं काम होतं. आई म्हणाली तेवढ्यावर भागलं.

मला मात्र ती गोष्ट सोडेना. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते ठरवून दिल्याप्रमाणे, अगदी हुशारीने चालत होतं. कोणता आवाज ऐकण्याजोगा आणि कोणता टाकाऊ, हा निवाडा त्या मुलाच्या कानाच्याही आधी, दुसऱ्या देशात बसलेल्या कोणीतरी करून ठेवला होता. आणि मुलाला ते सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण आपल्याला काय ऐकू येत नाही हे त्याला कसं कळणार? चष्म्याची काच धुरकट झाली तर निदान कळतं की काच धुरकट आहे. त्याची आई नसती, किंवा ती "डॉक्टरचं मशीन चुकणार कसं" असं म्हणणारी असती, तर पोरगं मागची हाक नसलेल्या जगात मोठं झालं असतं. आता या निवडीसाठी नमुन्यांवर शिकवलेली न्यूरल नेटवर्क, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ताच, ऐकण्याच्या यंत्रांत येऊ लागली आहे. तिला कोणत्या गावचे आवाज ऐकवून शिकवलं, हे यंत्राच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मेंदूतल्या इम्प्लांटमध्ये हीच गोष्ट आणखी खोल जाते. २०२३मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या गटांनी वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या संकेतांवरून मिनिटाला साठ-सत्तरच्या वर शब्द पडद्यावर आणून दाखवले. पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने अशाच एका रुग्णाच्या बाबतीत ९७ टक्क्यांपर्यंत अचूकता गाठल्याचं प्रसिद्ध केलं. मी ते व्हिडिओ पाहिले आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्या यंत्रांमध्ये नुसते इलेक्ट्रोड काम करत नाहीत. मेंदूतून येणारा संकेत अर्धवट, गोंधळलेला असतो, आणि त्यातून या माणसाला बहुधा हा शब्द म्हणायचा असेल असा अंदाज बांधायला भाषेचं मॉडेल मदत करतं. इंग्रजीचं मॉडेल भरपूर मजकुरावर पोसलेलं आहे. उद्या हे तंत्र मराठीत आलं तर मॉडेल पुण्या-मुंबईच्या छापील मराठीवर शिकेल, आणि "मले जाऊ दे" म्हणू पाहणाऱ्या माझ्या गावच्या म्हाताऱ्याच्या तोंडी "मला जाऊ द्या" घालेल. हे झालं वऱ्हाडीचं. मारेगाव-झरीच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी बोलली जाते, जिचं मराठीशी भाषाकुळाचंही नातं नाही. तिथल्या माणसाच्या मनातलं वाक्य पडद्यावर कोणत्या भाषेत उमटेल?

आणि ते त्याने म्हटलेलंच असेल कशावरून? ही शंका मला मनवाचनाच्या भीतीपेक्षा जास्त गंभीर वाटते. यंत्राने मनातलं चोरलं तर निदान चोरी झाली म्हणता येतं. यंत्राने माझ्या नावावर एखादं वाक्य, तेही शुद्ध व्याकरणात, तयार केलं आणि माझ्याकडे नाही म्हणायला दुसरं तोंडच नसलं, तर?

मनवाचनाची गोष्ट निघालीच आहे तर एक आठवण द्यायला हवी. त्या वाटेने महाराष्ट्र आधीच जाऊन आला आहे. २००८च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप दिली. पुराव्यांमध्ये मेंदूच्या विद्युत आलेखाची चाचणी होती. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून आरोपीला डोळे मिटून बसवायचं, गुन्ह्याचं वर्णन "मी आर्सेनिक विकत घेतलं" अशा प्रथमपुरुषी वाक्यांत ऐकवायचं, आणि मेंदूच्या लहरींवरून ती घटना तिने नुसती ऐकलेली आहे की स्वतः केलेली आहे, हे ओळखायचं, असा त्या तंत्राचा दावा होता. आरोपीने तोंड उघडायचीही गरज नाही. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्समधल्या तज्ज्ञ समितीने या तंत्राला पुरेसा शास्त्रीय आधार नाही असं मत दिलं होतं. पुढे उच्च न्यायालयाने त्या मुलीला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही असा निकाल दिला. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडायचं नाही, हे राज्यघटनेतलं संरक्षण डोक्याच्या आतपर्यंत पोचतं, असा त्याचा अर्थ. चिलीने मेंदूतल्या माहितीच्या संरक्षणाची तरतूद राज्यघटनेत केली ती २०२१मध्ये. तिचं कौतुक जगभर झालं आणि व्हायलाच हवं, पण आपला निकाल त्याच्या अकरा वर्षं आधीचा आहे.

मात्र सेल्वीचा आधार सक्ती हा आहे. स्वखुशीने चाचणी द्यायला मोकळीक आहेच. आणि स्वखुशी म्हणजे काय, हे आमच्या शाळेइतकं अवघड मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

दोन वर्षांच्या मुलाच्या इम्प्लांटची संमती आईबाप देतात. लवकर द्यावी लागते, कारण पहिल्या काही वर्षांत आवाज पोचला नाही तर मेंदूतली ती जागा दुसऱ्या कामाला लागते. फॉर्म बहुधा इंग्रजी. सही करणारा बाप "तुम्ही म्हणता तं करून टाका" म्हणतो. त्याला दोष देत नाही, माझ्या स्वतःच्या आजारपणात मीही तेच म्हणाले होते. पण त्या सहीने मुलाच्या डोक्यात जन्मभरासाठी एक चुंबक बसतो. पुढे एमआरआय काढताना तो आडवा येऊ शकतो. डोक्याला मार लागायची भीती कायमची. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना तयार होणाऱ्या स्थितिक विजेने प्रोसेसरचा प्रोग्राम बिघडू शकतो म्हणून आम्ही पालकांना ते यंत्र आधी काढायला सांगतो. आमची एक मुलगी आता दहावीत आहे. शाळा सुटली की ती कानामागचं यंत्र काढून दप्तरात टाकते आणि मैत्रिणींशी खाणाखुणांत गप्पा मारत स्टँडवर जाते. थेरपिस्टला हे आवडत नाही; जागेपणी पूर्ण वेळ घालायला हवं असा नियम आहे. मी तिला कधी टोकलं नाही. तिच्यासाठी हा निर्णय दुसऱ्यांनी घेतला होता. त्यातला संध्याकाळपुरता भाग ती परत मागते आहे. त्वचेखालून मेंदूत गेलेल्या आणि बाहेर काही न ठेवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तिला दप्तरात काय टाकता येईल?

वैद्यकीय साहित्यात नेदरलँड्समधल्या एका पार्किन्सनच्या रुग्णाची हकीकत आहे. मेंदूत खोलवर बसवलेलं उत्तेजक यंत्र चालू असलं की त्याचं शरीर चालायचं, पण स्वभाव बेफाम व्हायचा, पैसे उधळले जायचे. बंद केलं की तो शांत, समंजस, आणि अंथरुणाला खिळलेला. औषधांनी मधला मार्ग निघेना. शेवटी यंत्र बंद असताना, म्हणजे शुद्धीवर असताना, त्याला विचारलं गेलं. त्याने यंत्र चालू ठेवून मनोरुग्णालयात राहणं पसंत केलं. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९६व्या कलमानुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही लागतात. चांगली तरतूद आहे. पण त्या रुग्णासारख्या माणसाची संमती नेमकी कोणाची धरायची, यंत्र चालू असलेल्याची की बंद असलेल्याची, हे कोणतंही मंडळ कसं ठरवणार मला कळत नाही.

हॅकिंगच्या भीतीबद्दल बरंच लिहिलं जातं, ते खोटंही नाही. पण यवतमाळात यंत्रं बंद पडतात ती हॅकरमुळे नव्हे. वायर तुटते. घामाने ओल शिरते. मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो तेव्हा रात्री यंत्र सुकवायच्या डबीत ठेवायचं राहून गेलं की संपलं. सेल संपतात आणि तालुक्याला मिळत नाहीत. आतल्या भागाला साधारण दहा वर्षांची हमी असते, बाहेरच्या प्रोसेसरला त्याहून बरीच कमी. हमी संपल्यावर लागणारी एकेक वायर मजुराच्या बऱ्याच दिवसांच्या रोजाला पडते. अशीच एक तुटलेली वायर घेऊन आमच्या एका मुलाचे आजोबा शाळेत आले होते. कंपनीचं नाव घेत नाही. तिकडून उत्तर आलं की ते मॉडेल आता बंद झालं, नवीन प्रोसेसर घ्या. किंमत ऐकून आजोबा मला म्हणाले, "मॅडम, इतक्यात तं गोऱ्ह्याची जोडी येते." पोराच्या डोक्यातला भाग ठणठणीत होता. बाहेरची वायर नव्हती म्हणून तो पुन्हा बहिरा होता, आणि तो तसा बरेच महिने राहिला. शेवटी देणगीतून जुना प्रोसेसर मिळाला.

अमेरिकेतही हे झालं आहे. सेकंड साइट नावाच्या कंपनीने साडेतीनशेवर अंध माणसांच्या डोळ्यांत कृत्रिम दृष्टीचं यंत्र बसवलं, मग आर्थिक अडचणीत आल्यावर ते मॉडेल सोडून दिलं. डोळ्यातला भाग डोळ्यातच राहिला. दुरुस्ती बंद. आणि इम्प्लांट बसवलेल्या माणसांचा नंतर पत्ताच राहत नाही, हे कळायला परदेशी जायला नको. सांध्याचं सदोष ठरलेलं एएसआर इम्प्लांट २०१०मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरलं होतं, आणि केंद्राच्या समितीचा अहवाल आला तोवर हजारेक रुग्णांचाच माग लागला होता. खुब्यातल्या धातूचा माग आपल्याला ठेवता आला नाही, आता डोक्यातल्या सॉफ्टवेअरचा ठेवायचा आहे. २०२५मध्ये असं कॉक्लियर इम्प्लांट बाजारात आलं ज्याच्या त्वचेखालच्या भागाचं सॉफ्टवेअरही बाहेरून बदलता येतं. नवं तंत्र जुन्या रुग्णाला मिळेल, हा त्याचा मोठा फायदा. पण ज्या पोराच्या आजोबांचा मोबाइल नंबर वर्षात दोनदा बदलतो, त्याच्या डोक्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे दोष सापडला तर निरोप कोणाकडे जाणार?

या जिल्ह्यात राहून असले प्रश्न पडतात त्याला कारण आहे. २०१७च्या पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत इथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, आठशेवर दवाखान्यात दाखल झाली. फवारलेल्यांपैकी काही कीटकनाशकं नसेवरच काम करणारी. ऑर्गनोफॉस्फेट नसेतला संदेश थांबवणारं विकर निकामी करतं, मग स्नायूंना मिळालेला हुकूम संपतच नाही. आमच्या एका मुलीचे वडील त्या वॉर्डात होते. त्या वेळी जिकडेतिकडे एकच बोललं गेलं: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, मजुरांनी काळजी घेतली नाही. डब्यावर तांबडा त्रिकोण होता, घडी घातलेलं बारीक अक्षरांचं पत्रक होतं, सगळं नियमाप्रमाणे होतं. डोक्यावर गेलेल्या कपाशीत, भर उन्हात, रोजाने फवारणाऱ्या माणसाने ते पत्रक वाचायचं होतं. विष बनवणारा, विकणारा, परवाना देणारा यांच्यापासून निघालेली जबाबदारी घरंगळत पंप पाठीवर घेतलेल्या माणसापाशी येऊन थांबली. यंत्र सुकवायच्या डबीत ठेवलं नाही म्हणून आईला रागावताना मी स्वतःकडे बघते तेव्हा तीच उतरंड मला दिसते.

नोव्हेंबर २०२५मध्ये युनेस्कोने चेतातंत्रज्ञानाच्या नीतीबद्दल शिफारसी स्वीकारल्या. आपल्या २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मेंदूच्या माहितीला वेगळा वर्ग नाही. तो कधी येईल तेव्हा येवो. पण इम्प्लांटचे पैसे सरकार देत असेल तर गिऱ्हाईक सरकार आहे, आणि गिऱ्हाइकाला अटी घालता येतात. सुटे भाग वीस वर्षं मिळतील. मॉडेल बंद केलं तर त्याचे आराखडे आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी खुले होतील. यंत्र आपोआप काय दाबतं ते मराठीत लिहून देतील आणि ते बंद करायचं बटण पालकाच्या हाती राहील. बसवलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद जिल्हा रुग्णालयात राहील, कंपनीच्या कपाटात नव्हे. याला ना घटनादुरुस्ती लागते ना आंतरराष्ट्रीय परिषद. पुढच्या निविदेत एक पान वाढवावं लागेल. ते पान लिहिणाऱ्या समितीत डॉक्टर असतील, हिशेबनीस असतील. माझं म्हणणं आहे की दिवाळीच्या दिवसांत पोराला घेऊन कापूस वेचायला गेलेली एक बाईही त्यात असावी, आणि तिला त्या दिवसाचा रोज द्यावा.